रात्री तीन वाजता काय करायचं, ते दुपारीच ठरवू या

घणसोलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच ते इथे देते आहे. पत्र आलं त्याच दिवशी त्यांना मेलवर उत्तर दिलं होतं आणि त्यांच्याशी बोलणंही झालं. हे सविस्तर उत्तर त्यांच्यासाठी तर आहेच, पण जगणं नकोसं वाटून याच वाटेवर उभ्या असलेल्या बाकीच्यांसाठीही आहे. त्यांच्यापैकी कुणी आत्ता हे वाचत असेल आणि पुढे वाचण्याइतकंही त्राण उरलं नसेल, तर वाचन इथेच थांबवा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावा. चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पत्र असं:

«ताई, मी रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर होतो. कंपनी बंद होऊन आठ महिने झाले. घरी सांगायचं धाडस झालं नाही. दोन महिने रोज डबा घेऊन निघायचो आणि संध्याकाळी परत यायचो. आता घरी कळलं आहे, पण कर्ज किती आहे ते बायकोला माहीत नाही. पतपेढीचं आहे, गाववाल्यांकडून हातउसने घेतलेले आहेत आणि मोबाईलच्या ॲपवरून घेतलेले आहेत. ॲपवाले भावाला, मेव्हण्याला फोन करून वाट्टेल ते बोलतात. मुलगी बारावीला आहे. रात्री तीनला जाग येते ती येतेच, मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. त्या वेळी एकच विचार असतो, मी नसतो तर हे सगळे सुटले असते. आधी कधीतरी यायचा, आता रोज येतो. झोप लागावी म्हणून थोडी घेतो, तरी तीनला जाग येते. बायकोला सांगितलं तर ती खचेल. हेल्पलाइनला फोन केला तर पोलीस घरी येतील का? ठाण्याला मनोरुग्णालयात दाखवलं तर सोसायटीत तोंड दाखवायला जागा राहील का? मी तसा खंबीर माणूस आहे. हसू नका.»

दादा,

तुमच्या पत्रात हसण्यासारखं एक अक्षर नाही. मी ते दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा त्या डब्यापाशी थांबले. नोकरी गेलेला माणूस रोज सकाळी डबा घेऊन निघतो, दिवस कुठेतरी काढतो, कुठेतरी बसून एकटाच तो डबा खातो आणि संध्याकाळी कामावरून आल्यासारखा चेहरा करून घरात शिरतो. दोन महिने! एवढं ओझं एकट्याने वाहिल्यावर मन थकणारच. कमकुवत माणसाचं हे लक्षण म्हणायला मी तयार नाही.

आधी एक प्रश्न विचारते, आणि सरळ विचारते, कारण असं विचारल्याने नसलेला विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला जागा होते. मरणाचा विचार येतो तेव्हा तो «मी नसतो तर» एवढ्यावरच राहतो, की «कसं» आणि «कधी» इथपर्यंत जातो? काही ठरवून ठेवलं आहे का? काही जमवून ठेवलं आहे का? कुणाला चिठ्ठी लिहिणं, कागदपत्रं एका जागी लावून ठेवणं, असलं काही सुरू झालं आहे का?

यातल्या एकाचंही उत्तर «हो» असेल तर हे उत्तर पुढे वाचत बसू नका. बायकोला उठवा. रात्र असली तरी उठवा. एकटे राहू नका. ११२ किंवा १०८ ला फोन करा, नाहीतर रिक्षाने थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. तुमच्याकडून वाशीचं महापालिका रुग्णालय जवळ पडेल, ठाण्याच्या बाजूला असाल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. अपॉइंटमेंट लागत नाही. छातीत कळ आली असती तर तुम्ही सकाळची वाट बघितली नसती. तिथल्या डॉक्टरांना «मला जीव द्यायचे विचार येतायत आणि मला स्वतःची खात्री वाटत नाही» एवढं एक वाक्य सांगितलं तरी पुरतं.

तुम्ही मला नंतर कळवलंत की ठरवलेलं असं काही नाही, पण विचार रोज येतो आणि जास्त वेळ टिकतो. ठीक आहे, मग त्यावर बोलू.

«मी नसतो तर हे सगळे सुटले असते.» दादा, हे वाक्य तुमच्या पत्रात आहे, पण ते तुमच्या एकट्याचं नाही. या अंधारातून गेलेली किती माणसं जवळजवळ याच शब्दांत बोलतात. थॉमस जॉइनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००५ साली आत्महत्येच्या विचारांबद्दल एक मांडणी केली. त्यात त्याने दोन गोष्टींवर बोट ठेवलं. एक, आपण आपल्या माणसांना ओझं झालो आहोत असं वाटणं. दुसरी, आपण कुणाचेच नाही असं वाटणं. त्याचे स्वतःचे वडील आत्महत्येने गेले होते. आपण ओझं आहोत असं माणसाला अगदी मनापासून वाटतं, आणि घरच्यांना विचारावं तर तसं काही नसतं, हे तो पुन्हा पुन्हा सांगतो. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तसं खचलेल्या मनाला आपलं असणं हेच ओझं दिसतं. तीनच्या सुमाराला तुम्ही जो हिशेब मांडता, तो आजारी मन मांडतं. त्याची बेरीज खरी धरू नका.

«मुलांकडे बघून जगा» असं मी तुम्हाला म्हणणार नाही. लोक म्हणतात, चांगल्या मनाने म्हणतात. पण तुम्ही मुलांकडे बघूनच तर हा सगळा विचार करताय. त्या सल्ल्याने माणूस आणखी अपराधी होतो आणि गप्प बसतो. तुम्हाला मरायचं आहे, असं तुमच्या पत्रात मला कुठेच दिसलं नाही. कर्जातून, फोनमधून, लपवाछपवीतून, या थकव्यातून सुटायचं आहे, हे मात्र ओळीओळीत दिसतं. सुटायचे दुसरे रस्ते आहेत. ते तुम्हाला आत्ता दिसत नाहीत, कारण आठ महिने नीट झोप नाही आणि कुणाशी धड बोलणं नाही.

आता त्या तीन वाजण्याबद्दल. पहाटे ठरलेल्या वेळी जाग येणं आणि मग झोप न लागणं हे नैराश्याच्या आजाराचं फार ओळखीचं लक्षण आहे. डॉक्टर ते आवर्जून विचारतात. त्या वेळी घर झोपलेलं असतं, फोन करायला कुणी नाही, करायला काम नाही, आणि अंगात थकवा साचलेला. दिवसा जी गोष्ट अवघड वाटते ती त्या वेळी अशक्य वाटते. त्यात तुम्ही झोपेसाठी घेता. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण तीच दारू रात्रीच्या उत्तरार्धातली झोप मोडते. म्हणजे तीनची जाग घालवायला जे घेताय, त्याने ती जाग पक्की होते. शिवाय दारू पोटात असताना मनाचा ब्रेक सैल असतो आणि नको तो विचार कृतीपर्यंत लवकर पोचतो. तुमच्या सवयीवर मी इथे काहीच बोलत नाही. हे विचार येत आहेत तोवर रात्री दारू नको, एवढंच सांगते. रोज आणि बरीच होत असेल तर मात्र एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना सांगा, कारण एकदम सोडल्यानेही त्रास होतो.

आणि एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. तो विचार कितीही भयंकर असला तरी त्याला चढ असतो आणि उतार असतो. अगदी टोकाचा भाग बहुतेक वेळा थोडाच वेळ टिकतो. तुम्हीच आठवून बघा. पाच-साडेपाचला पाणी येतं, शेजारचं कुणी फर्स्ट शिफ्टला निघतं, खाली दूधवाल्याची गाडी येते, तेव्हा तो विचार तीनइतका धारदार राहतो का? रिचर्ड सीडन नावाच्या संशोधकाने १९७८ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी शेवटच्या क्षणी अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचं पुढे काय झालं ते त्याने जुन्या नोंदींतून शोधून काढलं. दहातले नऊपेक्षा जास्त जण एकतर हयात होते किंवा नंतर नैसर्गिक कारणाने गेले होते. ज्यांचा निर्णय «पक्का» होता, ती ही माणसं. तो क्षण टळला आणि आयुष्य पुढे चालू राहिलं. म्हणून तीन वाजता तुमच्यासमोर काम एकच: उजाडेपर्यंतचा वेळ काढणं. आयुष्याचा निकाल त्या वेळी लावायचा नाही.

पण तो वेळ काढायचा कसा, हे तीन वाजता सुचत नाही. त्यासाठी आज दुपारी, डोकं त्यातल्या त्यात शांत असताना, एक कागद तयार करायचा. ही कल्पना माझी नाही. बार्बरा स्टॅन्ले आणि ग्रेगरी ब्राउन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अशा आराखड्याची पद्धत नीट बसवली आणि २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. आज जगभर समुपदेशक ती वापरतात. मुलीच्या वहीतलं एक पान घ्या. छापील फॉर्म नको, तुमच्या हस्ताक्षरात हवं.

सगळ्यात वर लिहा, वादळ येतंय हे मला कशावरून कळतं. तुमच्या पत्रावरूनच दोन-तीन खुणा दिसतात: ॲपवाल्याचा फोन येऊन गेलेला दिवस, संध्याकाळी जेवण न जाणं, कुशीवर कुशी बदलत मनात कर्जाची बेरीज सुरू होणं. त्याखाली लिहा, अशा वेळी मी एकट्याने काय करू शकतो. इथे मोठमोठ्या गोष्टी लिहू नका. «ध्यान करीन» असं लिहाल आणि तीन वाजता ते जमणार नाही. अंथरुणातून उठायचं, दिवा लावायचा, तोंडावर गार पाणी मारायचं, चहा टाकायचा, खिडकीपाशी बसायचं, रेडिओ किंवा भजन हळू आवाजात लावायचं. हात गुंतेल असं काही असेल तर उत्तम. तुम्ही मला सांगितलंत की कंपनीत मशीनची दुरुस्ती तुम्ही स्वतः करायचा. घरातला बंद पडलेला पंखा किंवा मिक्सर दिवसा खोलून झाकण काढून ठेवा. रात्री वीज जोडायची नाही, फक्त सुटे भाग पुसायचे, स्क्रू लावायचे. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण हाताला ओळखीचं काम मिळालं की डोक्यातली ती बेरीज थांबते.

मग माणसं. दोन प्रकारची लिहा. ज्यांच्यासोबत बसलं की बरं वाटतं पण हे काही बोलायची गरज नसते, ती एक. नाक्यावरचा चहावाला, भजनी मंडळातले, सोसायटीचा वॉचमन. रात्रपाळीचा वॉचमन जागाच असतो, खाली जाऊन त्याच्याशी दहा मिनिटं गप्पा मारता येतात. आणि दुसरी, ज्यांना खरं सांगता येईल अशी. तिथे बायकोचं नाव पहिलं असावं असं मला वाटतं. त्याखाली भाऊ, किंवा जुन्या कंपनीतला एखादा मित्र. नावापुढे फोन नंबर लिहा. मोबाईलमध्ये आहेच म्हणून सोडू नका. त्याखाली १४४१६, आणि तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. मी मुद्दाम दहा हेल्पलाइनांची यादी देत नाही. तीन वाजता यादी वाचून निवड करता येत नाही, एकच नंबर पाठ असावा.

कागदावर शेवटी एक गोष्ट लिहायची, आणि ती दिवसाउजेडीच करून टाकायची. विचार येतो तेव्हा ज्या वस्तूवर किंवा ज्या जागेवर मन जातं, ती वस्तू घराबाहेर काढा, कुणाच्या तरी ताब्यात द्या, त्या जागेकडे एकट्याने जाणं बंद करा. मला ती काय आहे ते सांगू नका, पण बायकोला किंवा भावाला सांगा. घरातली औषधंसुद्धा बायकोकडे कुलपात राहू देत. तो चढ थोड्या वेळाचा असतो असं मी वर म्हटलं. तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. या एका गोष्टीने जितके जीव वाचले आहेत, तितके माझ्यासारख्यांच्या शब्दांनी वाचलेले नाहीत.

आता वहिनींबद्दल. «ती खचेल» असं तुम्ही लिहिलंत. नोकरी गेल्याचं कळलं तेव्हा त्या खचल्या का? तुम्ही मला फोनवर सांगितलंत, त्या दोन दिवस बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी जवळच्या पोळीभाजी केंद्रात कामाला जायला लागल्या. ही खचणारी बाई आहे का, दादा? त्यांना त्रास होईल, रडतील, चिडतीलही: माझ्यापासून लपवलंत म्हणून. तो राग सोसा. आणि मला खात्री आहे की त्यांना काहीतरी जाणवलं आहेच. शेजारी झोपणाऱ्या माणसाची तीनची तळमळ बाईला कळते. फक्त विचारायचं कसं ते त्यांना समजत नसेल.

सांगायची वेळ रात्रीची नको. मुलगी क्लासला गेली असताना, दिवसा. चालत चालत सांगितलंत तर आणखी सोपं, समोरासमोर बघावं लागत नाही. आणि आडवळणाने नको. «मला बरं वाटत नाही» म्हणालात तर त्या क्रोसिन देतील. असं म्हणा: «मला तुला एक सांगायचंय, आणि तू मध्ये न बोलता ऐक. गेले काही महिने रात्री मला मरून जावं असे विचार येतात. मी काही करणार नाही असं मला वाटतं, पण मला भीती वाटते. मला एकट्याला हे झेपत नाहीये. मला डॉक्टरकडे घेऊन चल.» तोंडातून शब्द फुटणार नसतील तर हेच वाक्य व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि मग त्यांच्या शेजारी जाऊन बसा. कर्जाचा आकडा त्याच दिवशी सांगायचा हट्ट नको. आधी जीव, आकडा दोन दिवसांनी.

वहिनी हे वाचत असतील तर त्यांना एवढंच: दादांचं ऐकून घ्या. «असले विचार करायचे नाहीत», «देवाचं नाव घ्या», «आमचा विचार केला नाहीत का» हे तोंडावर आलं तरी गिळा. उपाय लगेच सुचलाच पाहिजे असंही नाही. रात्री जाग आली की मला उठवायचं, असं त्यांच्याकडून कबूल करून घ्या, आणि उठवलं तर रागावू नका. हे गुपित एकटीने सांभाळू नका, दिरांना नाहीतर भावाला सोबत घ्या. १४४१६ वर तुम्हालाही बोलता येतं. तो नंबर घरच्यांसाठीही आहे.

पोलिसांची भीती तुम्ही विचारलीत, त्याचं उत्तर स्पष्ट देते. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला ती सुरू झाली. फोन लागला की भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, आणि गरज दिसली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. मनात असे विचार येतात एवढं सांगितल्याने कुणावर गुन्हा होत नाही. एखाद्याचा जीव त्या क्षणी धोक्यात दिसला तर त्याच्यापर्यंत मदत पोचवायचा प्रयत्न होऊ शकतो, आणि तो व्हायलाच हवा. लोकांच्या डोक्यात अजून आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ बसलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ ने सांगितलं की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तर ते जुनं कलम राहिलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच काय तो गुन्हा आता उरला आहे. तुमच्या आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही त्याच २०१७ च्या कायद्याने तुम्हाला दिला आहे. मुलीच्या लग्नात ही नोंद कुणी काढून दाखवणार नाही.

आणि «ठाण्याला दाखवणं». आपल्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की «याला ठाण्याला नेऊन सोडा» असं हसत म्हणतात. त्या एका वाक्याने किती माणसं दाराशी येऊन परत फिरली असतील, या विचाराने मला फार राग येतो. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे. तिथे दाखल झालेले रुग्ण असतात, तशीच बाह्यरुग्ण तपासणीही असते. माणसं सकाळी येतात, केसपेपर काढतात, डॉक्टरांशी बोलतात, औषध घेतात आणि परत जातात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे खर्चाची काळजी नको. घणसोलीहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ठाणे, तिथून रिक्षा. तिथे जायचं नसेल तर वाशी किंवा कळव्याच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते चौकशी खिडकीवर विचारा. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्थाही आहे, तिथे मराठीतून समुपदेशन होतं. कुठे जाता याला महत्त्व नाही, या आठवड्यात जाता याला आहे.

डॉक्टर झोप, भूक, दारू, कर्ज, घरात आधी कुणाला असं झालं होतं का, हे सगळं विचारतील. मरणाच्या विचाराबद्दलही विचारतील. तिथे लाजू नका, तो प्रश्न ते दिवसभर विचारत असतात. गोळ्या लिहून दिल्या तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून परस्पर बंदही करू नका. दुसरी, सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी वाढली किंवा विचार जास्त आले तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच कळवा. तरुण पोरांमध्ये तर यावर विशेष लक्ष ठेवावं लागतं. सवय लागते, डोकं बधिर होतं, असं गाववाले सांगतील. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची लागू शकते, म्हणून त्या डॉक्टर सांगतील तेवढ्याच आणि तेवढेच दिवस.

कर्जाचं थोडक्यात सांगते, कारण ते सुटायला वेळ लागेल आणि त्यासाठी तुम्ही आधी शाबूत हवेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमक्या देणं, नातेवाइकांमध्ये बदनामी करणं यालाही मनाई आहे, आणि कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधल्या नंबरांची यादी उघडण्याचाही अधिकार नाही. जे ॲप हे करतं, त्याची तक्रार १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर आणि जवळच्या पोलीस ठाण्यात करा. फोन, मेसेज, स्क्रीनशॉट जपून ठेवा. भावाला आणि मेव्हण्याला तुम्ही स्वतः एकदा सांगून टाका की असे फोन येतील, उचलू नका. त्या दिवशी ॲपवाल्याच्या हातातलं हत्यार गेलं म्हणून समजा. पतपेढीत जाऊन हप्ते लांबवून मागा, भावाला सोबत न्या. गाववाले थांबतील. ज्यांनी कागदाशिवाय पैसे दिले, ते तुमच्या जिवावर उठलेले नाहीत.

तुम्ही लिहिलंत, मी खंबीर माणूस आहे. मला ते मान्य आहे. पण आपल्याकडे पुरुषाने खंबीर राहायचं म्हणजे गप्प राहायचं, असं पोरवयातच मनावर कोरलं जातं. २०२२ साली देशात आत्महत्येने गेलेल्यांची सरकारी नोंद १,७०,९२४ आहे. त्यात १,२२,७२४ पुरुष होते. आणि सगळ्यात जास्त नोंदी आपल्या महाराष्ट्रातल्या होत्या. यातल्या कित्येकांनी घरात «काही नाही, बरा आहे» असंच सांगितलं असणार. तुम्ही निदान मला तरी खरं लिहिलंत. आता हेच वहिनींना सांगायचं आहे.

तर दादा, आज दुपारी कागद. ती वस्तू आजच घराबाहेर. उद्या वहिनींशी बोलणं आणि या आठवड्यात ओपीडी. आज रात्री तीनला जाग आली तर पहिला फोन १४४१६. पुढच्या सोमवारी मला दोन ओळी लिहा, काय जमलं ते आणि काय राहिलं तेही. वहिनींशी बोलणं झालं नसेल तर तसं लिहा, मग ते कसं करायचं हे आपण पुन्हा बसून ठरवू.

तुमची ताई